पिशवी कुणाची तपासायची?

पावसाळा तोंडावर आला की मला दरवर्षी पिशवीचा प्रश्न पडतो. पेण आणि रोह्याच्या मधल्या डोंगरात सकाळी सहाला शिरायचं, ओहोळाच्या कडेकडेने हिंडायचं आणि अंधार पडताना बाहेर यायचं, असा माझा सुट्टीचा दिवस. सोबत दुर्बीण, कॅमेरा, लांब लेन्स, पाण्याची बाटली, भाकरी, टॉर्च आणि पावसासाठी प्लास्टिकचा कागद. पाठीवरची सॅक या कामाला निरुपयोगी. पक्षी समोर आला की ती उतरवा, चेन उघडा, लेन्स काढा; तोवर पक्षी पलीकडच्या डोंगरात. त्यामुळे खांद्याचीच पिशवी हवी. न बघता हात घातला तरी हवी ती वस्तू हाताला लागली पाहिजे.

यंदा मे महिन्यात मित्रांच्या ग्रुपवर विचारलं, तर तासाभरात सल्ल्यांचा पाऊस. पट्टा रुंद घे, अरुंद पट्टा दुपारनंतर खांद्यात रुततो. पट्टा छातीवरून आडवा घे, म्हणजे चढताना पिशवी पुढे येणार नाही. वेल्क्रो नको, उघडताना चर्रकन वाजतं. कॅनव्हास दिसायला झकास, पण भिजला की धोंडा. भडक रंग नको. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, ते आधी धर आणि मग बाकीचं मोज.

सगळे सल्ले बरोबर होते. पण ऑनलाइन दुकानात शिरलो की पहिला प्रश्न वेगळाच यायचा: किती लिटरची? दहा, पंधरा, वीस? तिथे माझं बोट थांबायचं. पिशवी केवढी हवी, हे ठरवताना मी रानातून काय घेऊन येणार आहे, हेही ठरत होतं. ते ठरवायची माझी हिंमत होत नव्हती. मागच्या जुलैत एक दिवस असा गेला होता की त्यानंतर माझी जुनी पिशवी मी माळ्यावर टाकली होती. तिच्या शेजारी तिथे आणखी एक पिशवी लटकत होती, माझ्या आजोबांची.

*

आबांचं गाव रोहा तालुक्यात. त्यांच्याकडे ठासणीची बंदूक होती. कोकणात अशा बंदुका बऱ्याच घरांत असायच्या, अजूनही आहेत. डुक्कर-माकडांपासून शेत वाचवण्यासाठी शेतीसंरक्षणाचा परवाना मिळतो. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की सोडवून आणायची. परवाना शेतासाठी, पण शेताच्या बांधाशी थांबणारी बंदूक कुणी पाहिली आहे?

आबांची पिशवी खाकी कॅनव्हासची. आत दोन कप्पे, एक दारू-छऱ्यांचा आणि एक भाकरीचा. बाहेरच्या बाजूला सुताची जाळी. लहानपणी मला वाटायचं, जाळी शोभेची असेल. मग वडिलांनी सांगितलं. मारलेला पक्षी बंद पिशवीत कोंडला तर लवकर नासतो, त्याला वारा लागावा म्हणून ती जाळी. रानकोंबडा, ससा, कवडे त्यात यायचे. आतल्या बाजूला एक काळपट डाग अजून आहे. तो कशाचा, हे मी कधी विचारलं नाही.

आबांचा एक नियम घरात अजूनही सांगितला जातो: पिशवी भरली की रान संपलं. म्हणजे पुढ्यात ससा उभा राहिला तरी बंदूक खाली. डुक्कर मारलं तर ते पिशवीत मावणार नाहीच, म्हणून त्याचे वाटे घालायचे. हाका घालणाऱ्यांचा वाटा, बंदुकीचा वाटा, कुत्र्याचासुद्धा वाटा. लहानपणी मला हा नियम फार थोर वाटायचा. आपल्या आजोबांना मर्यादा कळत होती, असं मी शाळेत निबंधातही लिहिलं होतं.

मोठा झाल्यावर त्या नियमातली फट दिसली. पिशवी भरल्यावर काय करायचं, ते नियमात होतं. पिशवी भरलीच नाही तर काय करायचं, ते नव्हतं. अशा दिवशी आबा रात्र पडेपर्यंत रानात बसायचे, असं आजी सांगायची. रिकामी पिशवी घेऊन वेशीतून आत यायची त्यांना लाज वाटायची.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. सुरुवातीला त्यातही परवाना काढून काही प्राण्यांची शिकार करता येत होती. १९९१ च्या दुरुस्तीने तो परवान्याचा रस्ताही बंद झाला. आबांनी त्याच्या पुष्कळ आधी पिशवी खुंटीला टांगली होती. कायद्यामुळे की गुडघ्यांमुळे, यावर घरात दोन मतं आहेत.

*

इंग्रजांच्या शिकारीच्या बोलीत मारलेल्या जनावरांच्या आकड्यालाच ‘बॅग’ म्हणत. आज किती बॅग झाली, म्हणजे आज किती मारले. राजस्थानातल्या भरतपूरला १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवसात व्हाइसरॉय लिनलिथगो आणि त्यांच्या पाहुण्यांनी ४,२७३ पाणपक्षी मारले. तो आकडा तिथे दगडावर कोरलेला आहे. एवढे पक्षी कुठल्या पिशवीत मावणार? तिथे पिशवी उरलेलीच नव्हती, उरला होता फक्त आकडा. आणि आकड्याला तळ नसतो.

हे फार लांबचं वाटत असेल तर रोह्याजवळचंच पाहा. रोहा आणि मुरुड तालुक्यांत पसरलेलं फणसाड हे आज अभयारण्य आहे, १९८६ सालापासून. त्याआधी ते जंजिरा संस्थानच्या नवाबाचं राखीव शिकारीचं रान होतं. शेकरू, रानकोंबडे आणि ‘गाण’ म्हणतात ते पाणवठे आज तिथे टिकून आहेत. त्यामागचं एक कारण हे की एका माणसाची पिशवी भरावी म्हणून बाकीच्यांच्या पिशव्या बाहेर ठेवल्या गेल्या. रान वाचण्याचा इतिहास आपल्याला वाटतो तेवढा सोज्वळ नाही.

आता आपली भाषा ऐका. पक्षी पाहून आलेला मित्र भेटला की आपण विचारतो, काय मिळालं? तो म्हणतो, दोन लाइफर मिळाले, एक मिस झाला. फोटो आपण ‘शूट’ करतो. वर्षाअखेरीला कुणाचा आकडा किती झाला, याची यादी फिरते. त्या यादीत मीही असतो. बंदूक गेली, पण आकडा राहिला.

*

आता मागच्या जुलैतला तो दिवस.

ओहोळ पेण आणि रोह्याच्या मधे कुठेतरी आहे. नेमका कुठे ते लिहीत नाही, त्याचं कारण पुढे येईलच. जवळच्या कातकरी वाडीतले एक काका मला तिथे न्यायचे. दिवाळीनंतर वाडीतली बरीच घरं वीटभट्टीवर आणि कोळसाभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. भट्टीची उचल तोवर संपलेली असते आणि शेतात सगळे दिवस मजुरी नसते. पावसाळा आपल्याला हिरवागार दिसतो, वाडीला तो तंगीचा काळ असतो. काकांना मी दिवसाचे पैसे द्यायचो. ते मला वाट दाखवायचे आणि वाटेत स्वतःचंही काम करायचे.

त्यांची पिशवी खताच्या गोणीची. गोणी अर्धी कापून, सुतळीने शिवून, त्याच सुतळीचा पट्टा. पाणी विणीतून निथळून जातं, त्यामुळे आतले मुठे जिवंत राहतात. मुठे म्हणजे ओहोळातले काळपट खेकडे. कमरेला कोयता, हातात एक काठी, काठीला दोरी आणि दोरीला गांडूळ बांधलेलं. माझ्या पिशवीची किंमत साडेचार हजार होती आणि तिला पाणी निघायला जागा नव्हती.

दगडाच्या फटीपाशी दोरी सोडायची, गप्प बसायचं, खेकड्याने पकडलं की अलगद ओढायचं. एकदा त्यांनी एक मोठी मादी वर काढली, उलटी करून पाहिली. पोटाशी बारीक बारीक पिल्लं चिकटलेली होती. त्यांनी ती परत पाण्यात सोडली.

मी भारावून म्हणालो, “काका, पिल्लंवाली नेहमी सोडता?”

ते म्हणाले, “जवा पिशवी भरंल तवा सोडतो.”

मी हसलो. मला वाटलं, गंमत करतायत. आज कळतं की त्या दिवसातलं सगळ्यात खरं वाक्य तेच होतं.

मी तिथे गेलो होतो तिबोटी खंड्यासाठी. चिमणीहून लहान पक्षी, जेमतेम १३ सेंटीमीटरचा. निळा, जांभळा, नारिंगी, पिवळा असे सगळे रंग एकाच अंगावर. पहिल्या पावसाबरोबर येतो, ओहोळाच्या मातीच्या दरडीत बोगदा खणतो आणि पिल्लांना गोगलगायी, सरडे, पाली, बारके खेकडे भरवतो. रायगड जिल्ह्याचा तो मानाचा पक्षी. त्याच्या फोटोसाठी मुंबई-पुण्याहून गाड्या येतात.

काकांना घरटं माहीत होतं. दरडीला एक बीळ, त्यावर नेच्याची पानं झुकलेली. पानांमुळे फोटो नीट येईना. मी चार पानं कापली. मग बिळासमोर एक वाळकी फांदी रोवली, पक्षी तिच्यावर येऊन बसावा म्हणून. सगळे करतात. काका बाजूला उकिडवे बसून बघत होते. म्हणाले, “झाकल्यालं होतं ते. आता साप बघंल.” मी म्हटलं, “जाताना परत झाकू.”

मी बारा-पंधरा फुटांवर बसलो. पक्षी आला, चोचीत बारका खेकडा. तो फांदीवर बसला, अगदी मला हवा तसा. पण बिळात जाईना. माझ्याकडे बघे, मान वरखाली करी, उडून जाई, परत येई. चाळीस मिनिटं तो तोच खेकडा चोचीत धरून फिरत होता. आत पिल्लं ओरडत होती, मला पावसाच्या आवाजातही ऐकू येत होती. मी दीडशेहून जास्त फोटो काढले. निघताना पाऊस इतका वाढला की पानं झाकायची राहिली. फांदीही तशीच राहिली.

*

परतताना काका माझ्या बाइकवर मागे बसले होते. डांबरी रस्त्यावर एका वळणाशी गणवेशातल्या एका माणसाने हात दाखवून थांबवलं. कुठल्या खात्याचा, ते महत्त्वाचं नाही. त्याने आधी काकांकडे पाहिलं आणि विचारलं, “गोणीत काय आहे रे?” काका त्याच्या वडिलांच्या वयाचे होते.

काका म्हणाले, “मुठे हायत, साहेब.”

“ओत खाली.”

काकांनी गोणी रस्त्यावर ओतली. वीसेक खेकडे भर पावसात डांबरावर पसरले आणि चहूकडे पळायला लागले. साहेबाने बुटाने गोणी उलटीसुलटी करून पाहिली. आत ससा नव्हता, फासा नव्हता, काही नव्हतं. मग माझ्याकडे वळून आवाज बदलून म्हणाला, “फोटोग्राफर का तुम्ही? काय मिळालं आज?”

मी कॅमेरा काढला आणि पडद्यावर फोटो दाखवला. चोचीत खेकडा धरलेला तिबोटी खंड्या. “वा! जबरदस्त!” तो म्हणाला. “तुमच्यासारख्यांमुळे लोकांना निसर्ग कळतो.”

मी थँक्यू म्हणालो. ते माझ्या तोंडून आपोआप निघालं.

त्याच वेळी काका रस्त्यावर ओणवे होऊन खेकडे गोळा करत होते. तीन-चार गटारात गेले. मी कॅमेरा पिशवीत ठेवला, चेन लावली, मग त्यांना मदत करायला वाकलो. ही ‘मग’ मला अजून बोचते.

माझी पिशवी कुणी तपासली नाही. तिची चेनसुद्धा उघडली नाही.

पुढच्या रविवारी मी एकटाच ओहोळावर गेलो. बीळ मोकळं होतं. तोंडाशी माती ढासळलेली, आत काही हालचाल नाही. आठवडाभर जोराचा पाऊस झाला होता, त्याने दरड खचली असेल. साप असेल. पिल्लं मोठी होऊन उडाली असतील, असंही मी स्वतःला सांगून पाहिलं. दरम्यान मी तो फोटो टाकला होता, त्याला भरपूर लाइक मिळाले होते आणि एका ओळखीच्या माणसाने मेसेज करून जागा विचारली तेव्हा मी ती सांगितलीही होती. वाटेवर तीन गाड्यांच्या चाकांचे ताजे माग होते. माझी फांदी अजून तिथेच होती. तिच्या शेजारी कुणीतरी आणखी एक रोवली होती.

*

त्या रात्री मी वन्यजीव कायद्यातली शिकारीची व्याख्या उघडली. कलम २ मधली सोळावी. मला वाटलं होतं, मारणं आणि पकडणं एवढंच असेल. त्यात विष घालणं आहे, फासा लावणं आहे, हुसकावणं आहे, आमिष दाखवणं आहे. पक्ष्यांच्या बाबतीत तर अंड्यांना किंवा घरट्याला उपद्रव देणं हेही शिकारीतच धरलं आहे. पुढे कलम ३९ म्हणतं की गुन्ह्यासाठी वापरलेलं वाहन, हत्यार, सापळा किंवा साधन सरकारजमा होतं.

म्हणजे त्या संध्याकाळी रस्त्यावर दोन पिशव्या होत्या. एकीत खेकडे होते. ते अभयारण्य नव्हतं आणि ओहोळातले खेकडे पकडणं हा तिथे गुन्हा नव्हता. २००६ चा वनहक्क कायदा तर वनात राहणाऱ्यांचा मासे आणि पाण्यातल्या इतर उत्पन्नावरचा हक्क मान्य करतो. शिकारीचा हक्क मात्र तो स्पष्टपणे वगळतो. दुसऱ्या पिशवीत एक कात्री होती, एक लेन्स होती आणि एका घरट्याचा चाळीस मिनिटांचा छळ होता. शिकारी कोण होता?

रस्त्यावरचा तो माणूस वाईट होता, असं मला म्हणायचं नाही. त्याला पिशवीवरून माणूस ओळखायची सवय होती आणि ती सवय त्याच्या एकट्याची नाही. कातकरी हे नावच कातावरून पडलं, खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते कातकरी. इंग्रजांनी १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलं आखली, तेव्हापासून झाडाला हात लावणारा रानातला माणूस संशयित झाला. त्याचं पोट ज्यावर चालायचं, तेच त्याच्या पिशवीत सापडलं की पुरावा ठरू लागलं. गोणीची पिशवी दिसली की आत काहीतरी चोरलेलं असणार, हे आपल्या डोळ्यांत मुरलेलं आहे. चेनवाल्या पिशवीत मात्र छंद असतो, अभ्यास असतो, निसर्गप्रेम असतं.

*

इथे एक सोपा शेवट हाताशी आहे. आदिवासी निसर्गाचे राखणदार, आपण शहरी माणसं लुटारू, असं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. तो शेवट मला पटत नाही, कारण काकांनीच तो मोडून ठेवला आहे. पिशवी भरंल तवा सोडतो, म्हणजे भरली नाही तर सोडत नाही. ज्या खेकडीच्या पोटाशी पिल्लं आहेत तिला भूक कुणाची, याने काही फरक पडत नाही. उद्या त्यांच्या गोणीत ससा सापडला असता तर? मी काय म्हटलं असतं? भुकेला सगळं माफ, असं म्हणणं म्हणजे ज्याचं रान आधीच आटलं आहे त्याला उरलेलंही संपवायला सांगणं आहे. ते काकांनाच सगळ्यात आधी भोवेल.

दुसरा सोपा रस्ता माझ्या मित्रांचा. ते म्हणतात, फोटोने काही मरत नाही, पानं परत उगवतात, फोटो पाहूनच लोकांना पक्ष्यांची गोडी लागते. यात तथ्य आहे. मलाही ती गोडी कुणाच्या तरी फोटोनेच लागली. पण गोडी लागायला त्या पक्ष्याचा चाळीस मिनिटं भुकेलेल्या पिल्लांशी वाद कशाला लावायला हवा? आणि त्या फोटोची आधीपासून हजारो भावंडं नेटवर आहेत. माझ्या फोटोने जगात भर पडली ती फक्त एकाची: माझ्या नावाची.

मग मोजायचं कशाने? नुकसान मोजलं तर तो वीस खेकड्यांचा हिशेब माझ्या एका घरट्यापेक्षा मोठा दिसेल. हेतू मोजला तर माझा हेतू शुद्धच होता, मला पक्षी आवडतो. कायदा मोजला तर तो रस्त्यावर कुणाची चेन उघडतो यावर अवलंबून आहे. या तिन्ही मापांनी मला स्वतःला सोडवून घेता येतं, आणि म्हणूनच ती मला अपुरी वाटतात.

बरेच दिवस विचार करून मी एक चौथं माप धरलं आहे. कुणाला रिकामं परतणं परवडतं?

काकांची गोणी रिकामी परतली तर त्या रात्री घरात कालवण नाही. आबांची पिशवी रिकामी परतली तर घरात जेवण होतं, फक्त वेशीत लाज होती. माझी पिशवी रिकामी परतली तर काय होतं? काहीही नाही. एक पोस्ट कमी. व्हाइसरॉयची रिकामी परतली असती तर त्याच्या जेवणातला एक पदार्थसुद्धा कमी झाला नसता. आणि गंमत पाहा, ज्याला रिकामं परतणं जितकं जास्त परवडत होतं, त्याची हाव तितकीच मोठी निघाली आणि त्याची पिशवी तितकीच कमी तपासली गेली.

आपण जबाबदारी उलटी वाटून ठेवली आहे. ज्याच्या पिशवीवर त्याचं जेवण अवलंबून आहे त्याला आपण संयम शिकवतो आणि ज्याच्या पिशवीवर काहीच अवलंबून नाही त्याला शाबासकी देतो. मला वाटतं, ज्याला रिकामं परतणं परवडतं त्याच्यावरच रिकामं परतण्याची जबाबदारी आधी येते. काकांच्या संयमाबद्दल बोलायचा अधिकार मला त्यांच्या पिशवीत दुसरं काही पडेल अशी सोय झाल्यावर मिळेल. पावसाळ्यात वाडीला काम मिळणं, भट्टीच्या उचलीवाचून वर्ष निघणं, ही ती सोय. त्याआधी मला फक्त माझ्या पिशवीबद्दल बोलता येतं.

*

सलीम अलींची गोष्ट पुष्कळांना माहीत असते. जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कुठली चिमणी, हे विचारायला मामांनी त्यांना मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवलं आणि तिथून सगळं सुरू झालं. आपण ही गोष्ट अशी सांगतो की चिमणी पडली आणि मुलाचं मन पालटलं. तसं झालं नाही. पुढेही त्यांनी संग्रहालयासाठी, अभ्यासासाठी पक्षी मारले आणि ते लपवलं नाही. पण १९३० साली आपल्याच जिल्ह्यात, अलिबागजवळच्या किहीमला राहून त्यांनी सुगरणीची घरटी पाहिली. रोज बसून, नर खोपा कसा विणतो, मादी कधी येते, नर मग दुसरा खोपा कधी घेतो, याची टिपणं केली. तिथून त्यांनी पिशवीत आणली ती वही. त्या वहीतून निघालेला शोधनिबंध आजही लोक वाचतात.

मला त्यात दिलासा वाटतो. माणूस एकदम पवित्र होत नाही. पण रानातून काय घेऊन यायचं, हे तो बदलू शकतो, त्याच खांद्यावर, त्याच हातांनी.

म्हणून यंदा मी पिशवी घेतली ती सहा लिटरची. रुंद पट्टा, बकल, तळाला पितळेची दोन भोकं, मातकट रंग. दुर्बीण, पाणी, भाकरी, प्लास्टिकचा कागद आणि एक वही एवढंच मावतं. दोन किलोची लांब लेन्स मावत नाही. तेवढ्यासाठीच ती घेतली. रानात शिरल्यावर मला स्वतःवर विश्वास नाही, म्हणून निर्णय घरीच घेऊन ठेवला. आबांच्या नियमाला मी एक ओळ जोडली आहे: नाही भरली तरी अंधाराआधी घरी.

यात मी मोठा त्याग केला, असं नाही. लेन्स कपाटात आहे, विकलेली नाही. हात अजून शिवशिवतो.

जूनच्या शेवटी काकांकडे गेलो. त्या दिवशी रस्त्यावर गप्प राहिलो, त्याबद्दल बोलायचं ठरवून गेलो होतो. बोललोही. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, “तू बोलला असतास तं तू गेल्यावर परत मला थांबवलं असतं.” मला हे सुचलंच नव्हतं. माझ्या पश्चात्तापातही मी त्यांच्या उद्याचा विचार केला नव्हता.

मग आम्ही ओहोळावर गेलो. खंड्या दिसला, लांबून, एकदाच, निळी रेघ ओढल्यासारखा. घरटं शोधलं नाही. संध्याकाळी काकांची गोणी अर्धी भरली होती. त्यांनी माझ्या पिशवीकडे बोट दाखवून विचारलं, “काय गावलं?”

“काही नाही.”

“मग आलास कशाला?”

मी काय सांगणार? दिवसाचे पैसे त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते टोपीत ठेवले आणि पुन्हा माझ्या पिशवीकडे पाहिलं.

“पट्टा लांब झालाय,” ते म्हणाले. “चढताना गुडघ्याला मारंल.” आणि त्यांनी पट्टा माझ्या खांद्यावरून काढून घेतला, त्याला एक गाठ मारली, ओढून पाहिली, आणि पिशवी परत माझ्या गळ्यात घातली.